खोक्यातच राहिलेलं पॅड

लातूरच्या एका वाद्यांच्या दुकानात गणपतीच्या तोंडावर एका परदेशी कंपनीची तीन नवी सॅम्पलिंग पॅड, म्हणजे काठीनं वाजवायची आणि स्वतःचे आवाज भरता येणारी इलेक्ट्रॉनिक वाद्यं, आली. होळी झाली तरी दोन सीलबंद खोक्यात होती आणि तिसरं एकदा उघडून, पुन्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळून काचेच्या कपाटात ठेवलेलं. मधे गणपती, नवरात्र, दिवाळी आणि निम्मी लग्नसराई निघून गेली. त्याच दुकानातून त्याच महिन्यांत नाव झालेल्या जुन्या कंपनीची पॅड जात होती, तीही जास्त किमतीला. दुकानदार म्हणतो, माल चालत नाही. वितरक म्हणतो, दुकानदार दाखवत नाही. वादक म्हणतात, "कंपनीच गप हाय, मग आपण कशाला पैसे घालायचे?"

हे प्रकरण कोण्या एका दुकानाचं किंवा एका कंपनीचं नाही. लातूर, नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगर इथल्या वाद्यांच्या व्यापारात नव्या मालाचं जे पुन्हा पुन्हा होतं, ते एका दुकानात आणून मांडलं आहे. हिशेबातले आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल धरले आहेत. तांत्रिक गोष्टी मात्र जशाच्या तशा आहेत. त्या घरच्या पॅडवर करून बघता येतील.

वस्तू काय होती

मराठवाड्यात इलेक्ट्रॉनिक पॅड कोणत्याही कंपनीचं असो, त्याला ऑक्टोपॅडच म्हणतात. हे नाव मुळात रोलँडचं. १९८५ साली त्यांनी पॅड-८ आणलं, त्यात स्वतःचा एकही आवाज नव्हता. मिडी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांना जोडायची पद्धत, तिच्या वायरीनं दुसऱ्या वाद्याचे आवाज वाजवायचं ते साधन होतं. पुढच्या मॉडेलांत आवाज आत आले आणि ऑर्केस्ट्रा, भीमगीतांचे कार्यक्रम, कव्वालीचे मुकाबले, जागरण-गोंधळ, सगळीकडे ढोलकीच्या शेजारी स्टँडवर पॅड दिसू लागलं. एका कंपनीचं नाव वस्तूचंच नाव होऊन बसलं, की दुसऱ्या कंपनीला इथं पाय ठेवताना आधी "हेही ऑक्टोपॅडच आहे, पण" असं सांगावं लागतं. त्या "पण"च्या पुढचं वाक्य या कंपनीनं कधी सांगितलंच नाही.

नव्या यंत्रात आठ रबरी पॅड, बाहेरून दोन पॅड किंवा किक (पायानं वाजवायचा ड्रम) जोडायची सोय, फूटस्विच, हेडफोन, डावं-उजवं आउटपुट आणि पेनड्राइव्हची जागा होती. पेनड्राइव्हमधून स्वतःची वेव्ह फाइल, म्हणजे ध्वनिमुद्रित केलेला आवाज, आत घेऊन कोणत्याही पॅडवर बसवता येत होती. किंमत जुन्या नावाच्या बरोबरीच्या मॉडेलपेक्षा कमी. आतले तयार आवाज म्हणजे परदेशी ड्रमकिट, इलेक्ट्रॉनिक किट, तबला आणि ढोलक. ढोलकी नाही, हलगी नाही, संबळ नाही, दिमडी नाही. ढोलक आणि ढोलकी यांतला फरक इथल्या शाळकरी पोरालाही कळतो. शाई लावलेल्या पुडीचा टणक, चढा आवाज लावणीला लागतो, तो ढोलकातून निघत नाही.

म्हणजे वस्तू अपुरी होती का? तयार आवाजांपुरती, होय. पण स्वतःचे आवाज भरण्याची सोय असल्यामुळे ही उणीव एका संध्याकाळी भरून निघण्यासारखी होती. जुन्या नावाच्या कमी किमतीच्या पॅडांत ही सोय सहसा नसते. म्हणजे या यंत्राची सगळ्यात मोठी जमेची बाजू नेमकी तीच होती, आणि किंमतपत्रकात तिचा उल्लेख शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात होता.

कंपनीकडून काय झालं

नव्या वाद्यांच्या घोषणा बहुतेक वर्षी जानेवारीच्या आसपास होतात, कारण कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमचा वाद्यव्यापाराचा नॅम मेळा त्या सुमाराला भरतो. याच मेळ्यात १९८३ साली सिक्वेन्शिअलचं प्रॉफेट-६०० आणि रोलँडचं ज्युपिटर-६, अशी दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्यं मिडीनं जोडून दाखवली होती. एकावर वाजवलं की दुसरं वाजायचं. भाषणाची गरज पडली नाही. वायर लावली आणि जे सांगायचं ते लोकांच्या कानावर पडलं.

आपल्या पॅडची घोषणाही जानेवारीत झाली. तीन मिनिटांचा इंग्रजी व्हिडिओ, क्लबातला निळा उजेड, एक ड्रमर इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत वाजवतोय. मुंबईत गोरेगावला पाम एक्स्पो हे साउंड आणि वाद्यांचं प्रदर्शन भरतं ते मेअखेरीच्या सुमाराला. तिथं एका टेबलावर पॅड मांडलं गेलं. त्या दिवसांत मराठवाड्यातला वादक शेवटच्या लग्नतिथी वाजवत असतो, तो मुंबईला कशाला जातोय? माल देशात आला पावसाळ्यात आणि दुकानात पोचला तोवर व्हिडिओ सात-आठ महिने जुना झाला होता. वितरकाकडून दुकानाला मिळालं ते एवढंच: किंमतपत्रक, व्हॉट्सॲपवर एक फोटो आणि किमान तीन नग घेण्याची अट. डेमोचा नग नाही, मराठीत किंवा हिंदीत एक कागद नाही. वाजवून दाखवणारा माणूस पुण्यापर्यंत आला, तिथून परत गेला.

आणि वेळ. मराठवाड्यातला वादक वाद्य घेतो ते वर्षातून दोनदा. एक, श्रावणात, गणपतीच्या तालमी सुरू होतात तेव्हा. दुसरं, दिवाळीनंतर, सोयाबीनचे पैसे गावात आले की, तुळशीच्या लग्नानं लग्नसराई उघडण्याआधी. भीमगीतांच्या पार्ट्यांचं वेगळं आहे. १४ जानेवारीचा विद्यापीठ नामविस्तार दिन आणि १४ एप्रिलची जयंती या दोन तारखांच्या महिनाभर आधी त्यांचं किट पक्कं झालेलं असतं, मग त्याला कोणी हात लावत नाही. गोंधळ्यांची आणि लोककलावंतांची गर्दी माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेच्या आणि चैत्रात येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या जत्रेच्या आगेमागे असते. ऐन हंगामात नवं वाद्य कोणी हातात घेत नाही, कारण कोणत्या पॅडवर काय आहे हे हाताला पाठ असतं. अंधारात, घामाच्या धारांत, गायकाकडे बघत वाजवायचं असतं. म्हणून गणपतीच्या चार दिवस आधी आलेला माल हा उशिरा आलेला माल. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात आला असता तर तेच पॅड तालमीत बसलं असतं.

एकदाच झालेला डेमो

नवरात्रात उदगीरकडची एक ऑर्केस्ट्रा पार्टी दुकानात स्टँड घ्यायला आली. पॅडवाल्यानं विचारलं, हे नवं काय? दुकानदारानं खोकं उघडलं. हेडफोनच्या भोकात वायर घातली, दोन्ही टोकांना मोठी पिन, पिनेवर दोन काळ्या रेघा, आणि दुसरं टोक मिक्सरच्या बॅलन्स्ड लाइन इनपुटात. पॅडवाल्यानं किक मारली. आवाज आला रिकामा डबा वाजवल्यासारखा. किक जवळजवळ नाहीच, स्नेअर पोकळ, मागं नुसता रिव्हर्बचा घुमारा. दोन मिनिटं इकडंतिकडं मारून त्यानं स्टिक खाली ठेवल्या. "आवाजात दमच नाही, शेठ." पुढचे चार महिने हेच वाक्य लातूरपासून अहमदपूरपर्यंत फिरलं.

यात पॅडचा काडीचा दोष नव्हता. हेडफोनच्या पिनेत टोकावर डावा आवाज असतो आणि मधल्या कड्यावर उजवा. मिक्सरचं बॅलन्स्ड इनपुट मात्र टोक आणि कडं यांतला फरक घेतं, म्हणजे डाव्यातून उजवा वजा करतं. किक, स्नेअर, ढोलकीची थाप हे आवाज मधोमध ठेवलेले असतात, म्हणजे दोन्हीकडे अगदी सारखे. सारख्यातून सारखं वजा केलं की शून्य. उरतो तो दोन्ही बाजूंना वेगवेगळा असलेला रिव्हर्ब. ऐकणाऱ्याला वाटतं यंत्रच पोचट आहे.

बरोबर जोडणी अशी. मागच्या बाजूला एल/मोनो लिहिलेलं आउटपुट असतं, त्यातून साधी मोनो वायर, म्हणजे पिनेवर एकच काळी रेघ असलेली, मिक्सरला लावायची. चॅनल एकच मोकळा असेल तर फक्त एल/मोनो. चुकून आर, म्हणजे उजव्या आउटपुटमध्ये लावली तर डावीकडे ठेवलेले आवाज ऐकूच येत नाहीत. चॅनल दोन असतील तर दोन्ही वायरी, एकाचा पॅन (आवाज डावी-उजवीकडे वळवायचं बटण) पूर्ण डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे. मिक्सर मंचापासून लांब, पन्नासेक फुटांवर असेल तर मधे डीआय बॉक्स, म्हणजे लांब वायरीसाठी सिग्नल बॅलन्स्ड करून देणारी डबी, घालायचा, नाहीतर जनरेटरवर गुणगुण हमखास येते. आणि पॅडचा व्हॉल्यूम तीन-चतुर्थांशावर ठेवून मग मिक्सरचा गेन, म्हणजे येणारा आवाज वाढवायचं बटण, लावायचा. उलट केलं तर खरखर वाढते.

शंभर पानांच्या इंग्रजी पुस्तिकेत हे सगळं कुठंतरी लिहिलेलं असतंच. पण हाताएवढ्या कागदावर चार ओळी आणि एक चित्र खोक्यात वर ठेवलं असतं, तर उदगीरचा तो पॅडवाला वेगळं वाक्य घेऊन गेला असता. कमकुवत प्रचार म्हटलं की जाहिरातीवर किती खर्च झाला हे लोक मोजतात. आमच्या मते या प्रकरणात त्याहून मोठी चूक ही, की यंत्र गिऱ्हाइकासमोर पहिल्यांदा वाजतं त्या पाच मिनिटांना कोणी वालीच नव्हता.

गप्पपणाचा अर्थ वादक काय लावतो

पॅड ही काही हौसेची वस्तू नाही, पोटाची आहे. त्यामुळे कंपनी गप्प दिसली की वादकाच्या मनात सरळ तीन शंका येतात, आणि तिन्ही रास्त आहेत.

पहिली, बंद पडलं तर? सीझनमध्ये पॅड पुण्या-मुंबईला पाठवायचं म्हणजे जाऊन येऊन दोन-तीन आठवडे गेलेच समजा, तेवढ्यात निम्म्या सुपाऱ्या बुडाल्या. पॅडखालचा पिएझो सेन्सर ही काही रुपयांची पितळी चकती असते; लातूर-नांदेडचा चांगला रेडिओ मेकॅनिक ती बदलून देतो. पण चकतीचा व्यास, चिकटवायची जागा आणि खालच्या फोमची जाडी चुकली तर एका पॅडवर मारलं की शेजारचं वाजतं. वरची रबरी शीट आणि मुख्य बोर्ड तर बाजारात मिळतच नाहीत. सुट्या भागांची यादी कंपनीनं दुकानाला दिली नव्हती.

अडॅप्टरचंही तसंच. नऊ व्होल्ट लिहिलेला अडॅप्टर कुठंही मिळतो, पण पिनेच्या आतल्या टोकाला धन की ऋण हे दर कंपनीचं वेगळं असतं. उलट ध्रुवाचा लावला तर नशीब चांगलं असेल तर यंत्र सुरू होत नाही, नसेल तर जळतं. खेड्यातल्या कार्यक्रमात सगळ्यात आधी तुटते किंवा हरवते ती हीच वस्तू.

दुसरी शंका, विकताना कोण घेणार? समजा जुन्या नावाचं पॅड ५८,००० ला घेतलं आणि दोन वर्षांनी ३५,००० ला गेलं, तर वापराचा खर्च २३,०००. नवं पॅड ५०,००० ला घेतलं आणि ओळख नसल्यामुळे २०,००० च्या वर कोणी गेलं नाही, तर खर्च ३०,०००. दिसायला आठ हजारांनी स्वस्त, प्रत्यक्षात सात हजारांनी महाग. वादक कागदावर हा हिशेब मांडत नाही, पण "ह्याला रिसेल नाही" म्हणतो तेव्हा त्याच्या मनात हाच असतो.

तिसरी, कंपनीचं स्वतःचंच मन नसेल तर? म्हणजे मॉडेल गुंडाळणार असतील, किंवा लगेच दुसरं आणणार असतील. याचं उत्तर तर्कानं देण्याची गरज नाही, चार गोष्टी तपासता येतात. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या फर्मवेअरची, म्हणजे यंत्रातल्या सॉफ्टवेअरची, शेवटची आवृत्ती कधीची आहे. वितरकाच्या चालू किंमतपत्रकात मॉडेल आहे की फक्त गोदामात पडलेला माल काढताहेत. वॉरंटी कार्डावर भारतातल्या वितरकाचा शिक्का आणि सर्व्हिसचा पत्ता आहे का. आणि आज एक रबरी शीट मागवली तर किती दिवसांनी येते. ही शेवटची परीक्षा सगळ्यात खरी. आपल्या प्रकरणात फर्मवेअर दोनदा सुधारलेलं निघालं, किंमतपत्रकात मॉडेल होतं, कार्डावर शिक्का होता, आणि शीटच्या मागणीला महिनाभर उत्तरच नव्हतं. म्हणजे कारखान्याचं मन होतं. साखळी मधेच तुटली होती. वितरकाकडे जुनी नावंही विकायला असतात, ती आपोआप खपतात, त्यामुळे नव्या मालासाठी फोन उचलायची त्याला घाई नसते. यात लबाडी शोधायचं कारण नाही, पण भार शेवटी दुकानदारावर पडतो.

ज्यांनी हे काम मनावर घेतलं त्यांचं इथं चांगलं झालं. कॅसिओनं भारतासाठी आयएन अक्षरं लावलेली कीबोर्ड काढली, सीटीके-८६०आयएन किंवा सीटी-एक्स९०००आयएन. यामाहानं पीएसआर-आय मालिका काढली, त्यात इथले ताल आणि तबला-तानपुऱ्याचे आवाज घातले, आणि २०१९ पासून चेन्नईच्या कारखान्यात कीबोर्ड बनवायला घेतले. खोक्यावरचं एक अक्षर बघूनच गिऱ्हाइकाला कळतं, की हे आपल्याला धरून केलंय.

चुकीच्या माणसाला सांगितलेली वस्तू पुढे गाजल्याची उदाहरणंही आहेत. रोलँडचं टीबी-३०३ हे १९८१ च्या सुमाराला एकट्या गिटारवादकाला बासची साथ म्हणून विकायला काढलं, खपलं नाही, १९८४ मध्ये बंद झालं. जुन्या बाजारात कवडीमोल झाल्यावर शिकागोच्या पोरांनी त्याची बटणं फिरवून नवंच संगीत काढलं, आणि त्याच्याही आधी १९८२ मध्ये मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी त्याच यंत्रावर रागांची ध्वनिमुद्रिका केली होती. ही गोष्ट वितरक आवडीनं सांगतात. पण यंत्राला त्याचा माणूस आपोआप सापडायला वर्षं लागतात, आणि तोवर दुकानदाराचं व्याज चालू असतं.

व्याजाचा हिशेब

समजा विक्रीची किंमत ५०,००० आणि दुकानदाराचा नफा दहा टक्के. तीन नगांना त्यानं १,३५,००० घातले. बाजारात उचललेल्या पैशाला महिना दीड टक्का धरला तर महिन्याला २,०२५ रुपये व्याज. आठ महिन्यांत १६,२००. तिन्ही नग पूर्ण किमतीला गेले तरी एकूण नफा १५,०००. म्हणजे आठव्या महिन्यात नफा संपून वर पदरचे बाराशे गेले. त्यात एक नग डेमोसाठी उघडला की तो नवा म्हणून विकता येत नाही, चार-पाच हजार कमी करावे लागतात. दुकानदार खोकं का उघडत नाही याचं कारण इथं आहे. त्याला आळशी म्हणणाऱ्या वितरकानं डेमोच्या नगाची झीज स्वतः सोसली असती तर खोकं पहिल्याच दिवशी उघडलं असतं.

हलगी पॅडवर आणणे

होळीनंतर दुकानदारानं ठरवलं, की कंपनी दाखवत नाही तर आपण दाखवायचं, आणि कंपनीचे आवाज वाजवायचेच नाहीत. काम दोन दुपारींचं होतं.

हलगी आधी शेकून ताणून घेतली. थंड हलगीचा आवाज बसका येतो आणि तो यंत्रात गेल्यावर आणखी बसका वाटतो. पत्र्याच्या खोलीऐवजी गाद्या-पडदे असलेली खोली निवडली, कारण खोलीचा घुमारा एकदा आवाजात बसला की काढता येत नाही. साधा डायनॅमिक माइक, कातड्यापासून वीतभर लांब, थोडा तिरका. सगळ्यात जोराची थाप रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नाही. जाड काठीची उघडी थाप, जाड काठीची दाबलेली, बारीक काडीची कडेवरची, दोन्ही मिळून, अशा चार प्रकारांच्या प्रत्येकी दहा थापा घेतल्या आणि त्यातून सगळ्यात स्वच्छ एक-एक ठेवली. तसंच ढोलकीची धुम आणि चाट, आणि संबळाच्या दोन्ही बाजू. चार, दोन आणि दोन, आठ पॅड भरली.

कापताना सगळ्यात जास्त चूक होते ती सुरुवातीला. थापेच्या आधी वीस मिलिसेकंद जरी शांतता राहिली तरी हाताला पॅड मागं पडल्यासारखं वाटतं, आणि वादक म्हणतो यंत्र स्लो आहे. ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये लहर मोठी करून थाप जिथं उसळते तिथंच कापायचं. शेवटाला दहा मिलिसेकंदांचा उतार द्यायचा, नाहीतर टक् असा आवाज येतो. मग मोनो, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची वेव्ह. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, लहान. देवनागरी नाव बहुतेक पॅडच्या पडद्यावर उमटत नाही. पेनड्राइव्ह ३२ जीबी किंवा त्याहून लहान, फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेला. जागेची चिंता नको: अशा फाइलला सेकंदाला सुमारे ८८ किलोबाइट लागतात, दोन सेकंदांचे चाळीस आवाज भरले तरी सात मेगाबाइट.

पॅडवर बसवताना प्रत्येक आवाज वन-शॉट, म्हणजे एका थापेला एकदाच वाजणारा ठेवायचा, लूप नाही. हाताच्या जोराप्रमाणे आवाज कमी-जास्त व्हावा यासाठी डायनॅमिक्स चालू. हलगीची उघडी आणि दाबलेली थाप एकाच म्यूट ग्रुपमध्ये, म्हणजे दाबलेली मारली की उघडीची गाज तुटते. खऱ्या हलगीवर हात ठेवल्यावर होतं तसं. ही एक गोष्ट केली आणि पॅडवरचा आवाज अचानक जिवंत झाला. दुकानात आलेला एक म्हातारा हलगीवाला, जो तोवर कोपऱ्यात नुसता बसून होता, उठून यंत्राकडे बघायला आला.

अमावास्येची संध्याकाळ

डेमोसाठी दिवस निवडला फाल्गुनातली अमावास्या, पाडव्याची आदली संध्याकाळ. अमावास्येला लग्न नसतं, त्यामुळे वादक मोकळे असतात, आणि दुसऱ्या दिवशी साडेतीन मुहूर्तांतला एक. जाहिरात केली नाही. दुकानाच्या वहीतून पॅडवाले, दोन कीबोर्डवाले आणि मुद्दाम तीन साउंडवाले यांना फोन केले. साउंडवाल्याला बोलावणं हे महत्त्वाचं, कारण कार्यक्रमात "ह्या पॅडचा आवाज बसत नाही" हा निकाल तोच देतो.

मोठे स्पीकर लावले, दोन बेसचे स्पीकर ठेवले, आणि जे मंचावर बिघडतं ते मुद्दाम बिघडवून दाखवलं. बेस जवळ आणला की पॅड आपोआप वाजायला लागलं. मग थ्रेशोल्ड, म्हणजे किती जोराच्या धक्क्याला पॅड वाजावं ती मर्यादा, दोन-तीन घरं वाढवला, स्टँडच्या पायाखाली जाड रबर घातलं, थांबलं. थ्रेशोल्ड फार वाढवला तर हलकी थाप लागत नाही, हेही ऐकवलं. जोरात मारल्यावर शेजारचं पॅड वाजत होतं तिथं क्रॉसटॉक, म्हणजे शेजारचा धक्का न धरण्याची सेटिंग, वाढवला. लाइट घालवून दाखवली; यंत्र पुन्हा उभं राहायला वीसेक सेकंद लागतात, म्हणून जनरेटरवर वाजवताना छोटा यूपीएस हवा. आणि हेडफोनच्या वायरीचा तो जुना प्रकार पुन्हा करून दाखवला, आधी चुकीचा, मग एल/मोनोतून बरोबर. उदगीरचा पॅडवाला आलेला होता. त्यानं दुसऱ्या वेळची किक ऐकली आणि स्वतःच स्टिक उचलल्या.

पाडव्याला एक नग गेला, औसा तालुक्यातल्या जागरण-गोंधळाच्या पार्टीला. भीमगीतवाल्यांना हलगी आवडली, पण १४ एप्रिल तोंडावर होती आणि त्यांचं किट ठरलेलं होतं. त्यांनी पावसाळ्यात बघू म्हणून सांगितलं. उदगीरच्या पॅडवाल्यानं घेतलं नाही. सर्व्हिसचा कागद दाखवा, मग घेतो, म्हणाला.

वितरकाला गेलेलं पत्र

दुसऱ्या आठवड्यात दुकानदारानं वितरकाला लेखी कळवलं. मागण्या पाच होत्या. डेमोचा एक नग निम्म्या किमतीत, किंवा नव्वद दिवसांत परत घेण्याच्या बोलीवर. लातूरला कायम एक बदली अडॅप्टर, दोन रबरी शीट आणि सेन्सरचा एक संच. जोडणीचं चित्र असलेला मराठी कागद, मसुदा सोबत जोडलेला. हलगी-संबळाचं किट कंपनीच्या संकेतस्थळावर, वाजवणाऱ्याचं नाव आणि त्याचा मोबदला देऊन. आणि पुढचा माल श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात, नंतर नाही.

अडॅप्टर आला, एक शीटही आली. मराठी कागद वितरकानं लगेच मान्य केला, कारण त्याला खर्च नव्हता. हलगीचं किट आणि मोबदला यावर "कंपनीला कळवलं आहे" एवढंच उत्तर आहे. किमान तीन नगांची अट कायम ठेवून त्यानं पुढच्या ऑर्डरचा फॉर्म पाठवला. दुकानदारानं तीन खोडून एक लिहिलं, शेजारी "डेमो नग, परतीच्या बोलीवर" असं लिहून सही केली आणि फॉर्म परत पाठवला. त्यावर अजून होकार आलेला नाही. एक सीलबंद नग दुकानात आहे. उघडलेला आता कपाटात नाही, काउंटरवर आहे, एल/मोनोला वायर लावून.